हलक्या ग्रहाचं वजन करतात कसं

डोंबिवलीला अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "म्हातारीच्या केसांइतका हलका एक ग्रह बाराशे प्रकाशवर्षांवर सापडलाय असं वाचलं. जो ग्रह दुर्बिणीतून दिसतही नाही त्याचं वजन कोणी आणि कसं केलं? तो खरंच पाण्यावर तरंगेल का? इतका हलका असेल तर त्याचा वायू उडून कसा जात नाही? आणि मुंबईत राहून यातलं काही करता येतं का?"

तू वाचलंस तो ग्रह म्हणजे वास्प-१९३ बी, वास्प-१९३ नावाच्या ताऱ्याचा ग्रह. २०२४ च्या मे महिन्यात त्याच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे खालिद बारकाउई हे त्याचे पहिले लेखक. हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती सव्वासहा दिवसांत एक फेरी मारतो. व्यास गुरूच्या १.४६ पट, वस्तुमान मात्र गुरूच्या फक्त १४ टक्के. त्यावरून घनता निघते घन सेंटिमीटरला ०.०५९ ग्रॅम. पाण्याची १, शनीची ०.६९, बाटलीच्या बुचाची साधारण ०.२४. चौपाटीवर काडीला गुंडाळून मिळतात त्या म्हातारीच्या केसांची ०.०५ च्या आसपास. म्हणजे बातमीतली उपमा बरोबर होती.

मी गेली बावीस वर्षं ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख आणि वर्णपट, म्हणजे उजेड रंगांत फोडून मिळणारे पट्टे, यांच्यावर काम करते. या काळात मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट आधी सांगते. ग्रहाची घनता कोणीच मोजत नाही. आम्ही मोजतो तारा. ताऱ्याचा उजेड किती कमी झाला आणि तारा किती हलला, एवढ्या दोनच गोष्टी आमच्या हातात येतात. ग्रहाबद्दलचं बाकी सगळं त्या ताऱ्याच्या जामिनावर मिळतं, आणि तारा ओळखण्यात चूक झाली की ग्रहही चुकतो.

आधी आकार. ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तर दर फेरीला तो ताऱ्यासमोरून जातो आणि थोडा उजेड अडवतो. पुस्तकात याला अधिक्रमण म्हणतात, आमच्या बोलण्यात ट्रान्झिट. रात्रभर दर मिनिटाला ताऱ्याचा एक फोटो काढायचा, प्रत्येक फोटोत शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी त्याचा उजेड ताडून पाहायचा आणि आलेखावर एकेक ठिपका टाकायचा. ठिपक्यांची सपाट ओळ चाललेली असते. मग एका ठिकाणी ती खाली वळते, दोन-तीन तास खाली राहते आणि पुन्हा वर येते. त्या खड्ड्याची खोली म्हणजे ताऱ्याच्या तबकडीपैकी ग्रहाने झाकलेला भाग. वास्प-१९३ हा तारा आपल्या सूर्यापेक्षा थोडा मोठा आहे आणि तिथला खड्डा दीड टक्क्याच्या आसपास आहे. दीड टक्का म्हणजे शंभर दिव्यांतला एक पूर्ण आणि एक अर्धा विझला. तेवढं आपल्या डोळ्यांना कळतही नाही, पण कॅमेऱ्याला कळतं.

खड्ड्याची खोली सांगते दोन व्यासांचं गुणोत्तर, खुद्द व्यास नाही. दीड टक्का क्षेत्रफळ झाकलं म्हणजे ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या व्यासाच्या साधारण १२ टक्के. पण बारा टक्के कशाचे? ताऱ्याचा व्यास आधी माहीत हवा. तो कसा काढतात ते थोडं पुढे सांगते, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

आता वजन. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो म्हणताना आपण अर्धंच खरं बोलतो. दोघंही आपल्या सामायिक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. तारा जड म्हणून त्याची फेरी अगदी लहान, पण ती असते. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने असा मागे-पुढे डुलतो. तारा आपल्याकडे येत असताना त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला किंचित सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. जलद गाडी न थांबता ठाकुर्लीतून जाते तेव्हा तिचा भोंगा जवळ येताना चढा ऐकू येतो आणि फलाट ओलांडला की एकदम उतरतो, तोच हा प्रकार.

आता वास्प-१९३ चा आकडा बघ. ग्रहाचं वस्तुमान आणि आवर्तकाल घालून गणित केलं की ताऱ्याचा डुलण्याचा वेग येतो सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. तुझी लोकल दोन स्टेशनांच्या मधे असताना साधारण तेवढ्याच वेगाने जाते. बाराशे प्रकाशवर्षांवरचा एक अख्खा तारा लोकलच्या वेगाने पुढे आणि मागे होतोय आणि आपण ते इथून मोजतो. उजेडाच्या वेगाशी तुलना केली तर हा दोन कोटीतला एक भाग. वर्णपटातली रेषाही आपल्या जागेवरून तितकीच सरकते, आणि ही सरक कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलच्याही फार लहान अंशात असते.

एका रेषेवरून हे कधीच कळणार नाही. सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटात हजारो रेषा असतात. त्या सगळ्यांची सरक एकत्र सरासरीत घेतली की मग अंदाज घट्ट होतो. वर्णपटमापक यंत्र निर्वात टाकीत ठेवतात आणि त्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखतात, कारण धातू किंचित जरी प्रसरण पावला तरी सगळ्या रेषा सरकतात आणि तारा हलल्याचा भास होतो. ताऱ्याबरोबरच थोरियम-अरगॉनच्या दिव्याचा उजेड त्याच यंत्रात सोडतात. त्याच्या रेषा कुठे पडायला हव्यात ते पक्कं माहीत असतं, म्हणून तीच आमची फूटपट्टी. शिवाय आपण स्वतः कुठे स्थिर आहोत? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते. आणि तू डोंबिवलीत अभ्यासाला बसलेली असतेस तेव्हाही पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे जात असतेस. हे सगळं अचूक वजा केल्यावर खाली ते १४ मीटर उरतात. या ग्रहाच्या वेळी वजन पक्कं व्हायला त्या लोकांना काही वर्षं लागली. हलका ग्रह ताऱ्याला कमी ओढतो, त्यामुळे ग्रह जितका हलका तितकं त्याचं वजन करणं अवघड.

आता भाग दे. वस्तुमान ०.१३९ गुरू. त्रिज्येचा घन, १.४६४ गुणिले १.४६४ गुणिले १.४६४, म्हणजे ३.१४. भागाकार ०.०४४. गुरूची सरासरी घनता १.३३, तिने गुणलं की ०.०५९. झालं. वहीत करता येईल इतकं सोपं गणित आहे, तू करूनच बघ. आणि मग मुद्दाम त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढव. घनता एकदम पंचवीस टक्क्यांनी पडते. वस्तुमानातली दहा टक्क्यांची चूक घनतेत दहा टक्केच राहते, त्रिज्येतली चूक मात्र घन होताना जवळजवळ तिप्पट होऊन येते. आणि त्रिज्या येते ताऱ्याच्या त्रिज्येवरून.

म्हणून ताऱ्याचा व्यास. वर्णपटावरून त्याचं पृष्ठभागाचं तापमान कळतं, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमधून किती उजेड बाहेर पडतो ते कळलं. आपल्यापर्यंत एकूण किती उजेड येतो ते मोजता येतं. मधलं अंतर ठाऊक असेल तर तारा एकूण किती उजेड टाकतो ते निघतं, आणि मग भागाकाराने पृष्ठभाग आणि त्रिज्या. सगळी अडचण अंतराची होती. मला आठवतंय, आमच्या कामाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत कित्येक ताऱ्यांची अंतरं अंदाजावर चालायची. तारा म्हातारा होऊन फुगायला लागलेला असायचा आणि आम्ही त्याला तरुण, लहान समजून बसायचो. मग त्याचा ग्रहही कागदावर लहान आणि घट्ट व्हायचा. २०१८ च्या एप्रिलमध्ये युरोपच्या गाया यानाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची अंतरं खुली केली. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी वेळेवर घरी गेलं नाही. जुन्या याद्या काढून एकेक ग्रहाची त्रिज्या पुन्हा मांडत बसलो होतो, आणि कागदावरचे किती तरी ग्रह आपापल्या जागेवरून हलले.

हे सांगताना एक जुना अनुभव सांगितला पाहिजे, कारण "हलका ग्रह" ही बातमी पहिल्यांदा ऐकली की माझ्या मनात आजही तोच येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गटाला एका ताऱ्यात व्यवस्थित खड्डा सापडला, एक टक्क्याहून थोडा खोल, दर चार दिवसांनी. वर्णपट घेतले तर तारा त्याच चार दिवसांच्या तालावर डुलत होता, पण अगदी थोडा, वीस-बावीस मीटर. मोठा आकार, कमी ओढ. घनता ०.१ च्या खाली. दोन आठवडे आम्ही निबंधाचा मसुदा लिहीत होतो. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "रेषा सरकतेय ते पाहिलंस. तिचा आकार बदलतोय का ते पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. उजेडाच्या आलेखावर वर्णपटातली प्रत्येक रेषा म्हणजे एक दरी असते. तिच्या दोन्ही उतारांच्या बरोबर मधून एक उभी रेघ काढायची, तिला आम्ही बायसेक्टर म्हणतो. तारा खरोखर डुलत असेल तर अख्खी दरी जशीच्या तशी सरकते आणि ती रेघही तशीच राहते. आमच्या रेषांमध्ये ती रेघ दर चार दिवसांनी एका बाजूला वाकत होती. त्या ताऱ्याच्या अगदी मागे, दुर्बिणीला वेगळी न दिसणारी, एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची एक मंद जोडी होती. खड्डा त्या जोडीचा होता. तो पुढच्या ताऱ्याच्या उजेडात मिसळून उथळ झाला होता. जोडीच्या रेषा सेकंदाला कित्येक किलोमीटर पळत होत्या आणि पुढच्या ताऱ्याच्या रेषांना एका बाजूने किंचित ओढत होत्या. ग्रह नव्हताच. दोन ताऱ्यांनी मिळून एका फुगीर ग्रहाचं सोंग घेतलं होतं, आणि हे सोंग असं असतं की त्यातून घनता बऱ्याचदा कमी निघते. म्हणून कमी घनतेच्या दाव्याला मी दुप्पट कडक होते. खड्ड्याची खोली निळ्या आणि तांबड्या उजेडात सारखी आहे का? एकाआड एक खड्डे सारखे खोल आहेत का? बायसेक्टर सरळ आहे का? वास्प-१९३ बी अशा तपासण्यांतून पार पडला आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते.

तरंगण्याबद्दल. ती उपमा सरासरी घनता कळावी म्हणून आहे, त्यापलीकडे नाही. लाकडासारखा एकसंध तुकडा असेल तर तरंगणं म्हणजे काय ते कळतं. हा वायूचा गोळा आहे. तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र आहे. मधे घट्ट, वर अतिविरळ. ज्याला आपण त्याचा पृष्ठभाग म्हणतो तिथे उभं राहायला काहीच नाही, जिथे वायू आपल्या नजरेला अपारदर्शक होतो ती फक्त एक उंची आहे. गुरूएवढा ग्रह तरंगवायला जेवढं पाणी लागेल तेवढं पाणी स्वतःच एक खगोल होऊन बसेल, आणि मग कोण कोणावर तरंगतंय याला अर्थ उरणार नाही.

मला त्यापेक्षा कुरमुरे जास्त जवळचे वाटतात. तांदूळ तोच, पण भट्टीतल्या तापलेल्या वाळूत पडला की तेवढ्याच वजनाचा दाणा कितीतरी मोठा होतो. हलके महाग्रह बहुतेक ताऱ्याच्या अगदी जवळ, भाजून निघत असतात. एक फरक मात्र लक्षात ठेव. कुरमुरा क्षणात फुगतो. वायुग्रह जन्मतःच गरम आणि फुगलेले असतात आणि मग कोट्यवधी वर्षं थंड होत आकसत जातात. आपला गुरू अजूनही आकसतोय आणि सूर्याकडून मिळते त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकतोय. ताऱ्याजवळच्या ग्रहांचं हे आकसणं कशाने तरी अडतं. हा प्रश्न १९९९ पासूनचा आहे. त्या वर्षी एचडी २०९४५८ बी या ग्रहाचं ट्रान्झिट पहिल्यांदा दिसलं आणि पहिल्याच ग्रहाची त्रिज्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. पुढे अनेक ग्रह मिळाल्यावर दिसलं की साधारण हजार केल्विनच्या वर तापलेले महाग्रहच असे फुगलेले असतात, त्याखालचे सहसा नसतात.

पण नुसतं वरून तापवून भागत नाही. ताऱ्याचा उजेड वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषला जातो आणि तिथूनच परत जातो. ग्रह फुगलेला राहायला त्या उष्णतेचा एक-दोन टक्के तरी भाग खोल आत पोचायला हवा. तो कसा पोचतो यावर आमच्यात आजही वाद आहेत. एक कल्पना अशी की एवढ्या तापमानाला सोडियम-पोटॅशियमचे अणू इलेक्ट्रॉन टाकतात, जोरदार वारे तो विद्युतभारित वायू ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रातून ओढतात, त्यातून वीजप्रवाह तयार होतो आणि तो आत जाऊन इस्त्रीच्या कॉइलसारखी उष्णता देतो. दुसरी, वातावरणातल्या वाऱ्यांचे प्रवाहच उष्णता खाली दाबत नेतात. तिसरी, भरती-ओहोटी. ग्रहाची कक्षा जराशी लांबट असेल तर तारा त्याला दर फेरीत पिळतो आणि सोडतो, जसा कणकेचा गोळा मळताना कोमट होतो. वास्प-१०७ बी नावाचा एक हलका ग्रह आहे, तो तर तितका गरमही नाही. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या वातावरणात मिथेन अपेक्षेपेक्षा फार कमी दाखवला. खालून उष्ण वायू वर येत असेल तरच असं होतं. म्हणजे त्याचं पोट आतून गरम आहे, आणि तिथे भरती-ओहोटीचं कारण मला पटतं.

वास्प-१९३ बी मात्र अजून कोणत्याच नमुन्यात नीट बसत नाही. त्याचा तारा तरुण नाही, आपल्या सूर्याच्याच वयोगटातला आहे. एवढ्या काळात ग्रह यापेक्षा जास्त आकसायला हवा होता. काही हलक्या ग्रहांबद्दल अशीही शंका घेतली गेली आहे की त्यांना शनीसारखी कडी असतील आणि कड्यांनी अडवलेला उजेड आपण ग्रहाच्याच नावावर मांडत असू. मग आकार मोठा भासतो आणि घनता खोटी कमी होते. माझा स्वतःचा कल वातावरणाकडेच आहे, पण ही शंका वर्णपट घेतल्याशिवाय निकालात काढू नये.

आता तुझा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, वायू उडून कसा जात नाही. मी आकडे मांडते, तू ताडून बघ. या ग्रहाच्या वरच्या थरात गुरुत्वाकर्षण निघतं प्रति सेकंद प्रति सेकंद १.६ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या चंद्राएवढं. ते वाचून वाटतं, वायू टिकायचाच नाही. पण ग्रह प्रचंड मोठा आहे. सुटून जाण्यासाठी तेवढ्याच ओढीच्या विरुद्ध खूप लांब चढावं लागतं. मुक्तिवेगाचं सूत्र तुझ्या पुस्तकात आहेच. ते लावलंस की येतो सेकंदाला १८ किलोमीटर. पृथ्वीचा ११.२ आहे! म्हणजे या 'कापसाच्या' ग्रहावरून सुटणं पृथ्वीवरून सुटण्यापेक्षा अवघड आहे. तिथलं तापमान सुमारे १२५० केल्विन धरलं तर हायड्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग चार किलोमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे बहुतेक वायू जागच्या जागी राहतो. अगदी वरच्या टोकाला, जिथे ताऱ्याची अतिनील किरणं वायूला दहा हजार अंशांच्या आसपास नेतात, तिथून मात्र गळती होते. एचडी २०९४५८ बी मधून हायड्रोजन निसटताना दिसला आहे, वास्प-१०७ बी भोवती हेलियम दिसलाय. एवढ्या मोठ्या साठ्यातून ही गळती म्हणजे भरलेल्या टाकीचा ठिबकणारा नळ.

त्याच कमी ओढीमुळे हे ग्रह आमच्यासाठी सोनं आहेत. पृथ्वीवर साधारण आठ किलोमीटर वर गेलं की हवेचा दाब जवळजवळ एक तृतीयांश उरतो. वास्प-१९३ बी वर तेवढंच घटायला माझ्या हिशेबाने अठ्ठावीसशे किलोमीटर चढावं लागेल. ट्रान्झिटच्या वेळी ताऱ्याचा उजेड या जाड, विरळ झालरीतून गाळून आपल्याकडे येतो आणि तिथल्या पाण्याच्या वाफेचे, कार्बन डायऑक्साइडचे ठसे घेऊन येतो. घट्ट ग्रहाची झालर इतकी पातळ असते की ठसे वाचताच येत नाहीत.

भारतातलं काम तुला माहीत असावं. २०२१ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या लोकांनी माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवर, पारस नावाच्या स्वतः बांधलेल्या वर्णपटमापकाने, टीओआय-१७८९ बी हा ग्रह शोधला. वस्तुमान गुरूच्या ७० टक्के, आकार १.४ पट, घनता ०.३ च्या आसपास, फेरी ३.२ दिवसांत. घनता बुचाच्या थोडीच वर. खड्डा अमेरिकेच्या टेस यानाने दाखवला होता, वजन अबूच्या डोंगरावर झालं. १.२ मीटर म्हणजे आजच्या जगात लहान दुर्बीण. पण यंत्र स्थिर असेल आणि माणसं चिकाटीची असतील तर एवढीही पुरते, हे त्यांनी दाखवलं.

मुंबईचंही यात एक नाव आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने भारताला एक तारा आणि त्याचा ग्रह यांना नावं द्यायची संधी दिली. ताऱ्याचं नाव ठेवलं बिभा, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरुवातीच्या काळात काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं नाव संतमस. तो दोन दिवस आणि काही तासांत फेरी मारतो, वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट. पण त्याची घनता काढता येत नाही, कारण तो ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही. डुलणं मिळालं, खड्डा मिळाला नाही. अर्ध्या हिशेबाचं हे उदाहरण मला नेहमी उपयोगी पडतं.

आणि आता तू काय करू शकतेस. एचडी २०९४५८ चा तो पहिला खड्डा १९९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड शार्बोनो यांनी पकडला तो अवघ्या दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीने. तो तारा आहे महाश्व तारकासमूहात. डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या द्विनेत्रीत दिसतो. आज त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, जवळजवळ १९ अंश उत्तर आहे आणि दादर-वरळीचा अक्षांशही १९ अंशच. म्हणजे हा तारा रोज मुंबईच्या बरोबर डोक्यावरून जातो. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी गच्चीत जाऊन उभी राहिले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमाराला तो माथ्यावर असतो. माथ्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ, त्यामुळे शहराच्या उजेडातही त्याच्यावर काम होऊ शकतं. फटाक्यांच्या धुराच्या चार-पाच रात्री मात्र सोडून दे.

मुंबईत खगोल मंडळाचे लोक आहेत, वांगणीला त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. तिथे जा, कॅमेरा आणि ताऱ्यामागे फिरणारं स्टँड असलेलं कोणी ना कोणी भेटेल. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात खगोल ऑलिम्पियाडची तयारी होते, तिचीही चौकशी कर. आणि आकाश ढगाळ असेल त्या चार महिन्यांत घरात बसून टेसच्या नोंदी उतरवून घे. त्या सगळ्यांना फुकट खुल्या आहेत. लाइटकर्व्ह नावाचं पायथॉनचं पॅकेज घेतलंस की एका दुपारी वास्प-१९३ चा खड्डा तुझ्या स्वतःच्या स्क्रीनवर येईल. त्याची खोली मोज, वर्गमूळ काढ आणि मी वर लिहिलेल्या १२ टक्क्यांशी ताडून बघ.

एचडी २०९४५८ चं काम गच्चीवरून करशील तेव्हा दोन-तीन गोष्टी सांभाळ. फोकस जरा बिघडवून ठेव, ताऱ्याचा ठिपका पसरला पाहिजे, नाहीतर मधले पिक्सेल भरून जातात आणि दीड टक्का त्यातच हरवतो. त्याच फोटोत तेवढ्याच तेजाचे आणखी दोन-तीन तारे यायला हवेत, तुलनेसाठी. म्हणून लांब नळीपेक्षा रुंद भिंग बरं. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवून घे. ट्रान्झिट तीन तासांचं आहे आणि ग्रहाची फेरी साडेतीन दिवसांची, त्यामुळे महिन्यातून एखाददुसराच खड्डा आपल्या अंधारात आणि तारा उंचावर असताना पडतो. त्याची वेळ आधी काढून, एक तास आधी सुरुवात कर आणि संपल्यावरही एक तास चालू ठेव, कारण दोन्ही बाजूंची सपाट ओळ नसेल तर मधला खड्डा किती खोल ते सांगता येत नाही. पहिल्या रात्री ठिपके इकडेतिकडे विखुरतील. फाईल पुसू नकोस, तारीख आणि हवा कशी होती ते लिहून ठेव, आणि आलेख मला पाठव.